इंदूमावशीच्या हातचं मीठ

“हाताची चव गेली ना का, बाय जास्त दीस ऱ्हात नाय…”

मावशीच्या दहाव्याला पडवीत बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी हे म्हणालं. आवाज खालचा होता आणि बोलण्यात वाईट हेतू नव्हता. दुसरी म्हणाली, “व्हय गो. रोह्याला नापास केली तवापासून खचलीच ती.” मी आत स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते. मध्ये फक्त एक कुडाची भिंत होती. उठून बाहेर जायला चार पावलं पुरली असती. माझ्याकडे सांगण्यासारखं होतं, आणि ते सांगू शकणारी त्या घरात मी एकटीच होते. मी पुढचा बटाटा उचलला.

इंदूमावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. वडखळच्या पुढे खाडीच्या अंगाला, खारेपाटातल्या, म्हणजे खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका लहान गावात तिचं सासर. तिथल्या दोन शिक्षकी शाळेत ती पोषण आहार शिजवायची. शाळेत आधी नुसते तांदूळ वाटायचे, त्याऐवजी शिजवून द्यायला सुरुवात झाली त्या पहिल्या वर्षापासून. मी पेणला वाढले, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेले. आमच्या वर्गात डब्याला सँडविच आणणाऱ्या मुली होत्या आणि मावशी काय काम करते हे मी तिथे कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, हे खरं. पण विचारलं असतं तर मी काय उत्तर देणार हे मी मनात तयार ठेवलं होतं: ‘ती शाळेत आहे.’ एवढंच. ऐकणाऱ्याला ती शिक्षिका वाटली असती आणि मला खोटं बोलावं लागलं नसतं.

मे महिन्यात आम्ही आठवडाभर तिच्याकडे जायचो. तिथलं पाणी मला चालत नसे. होळी झाली की शाळेचा हातपंप आणि गावातली तळी मचूळ व्हायला लागत, आणि मे उजाडेपर्यंत चहासुद्धा खारट लागायचा. मला लागायचा, त्यांना नाही. मी पेणहून बाटल्या भरून न्यायचे आणि जपून पुरवायचे. मावसभाऊ चिडवायचा, “आली बघा राणीसाहेब, सवताचा समिंदर घेऊन.” मावशी त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि माझ्या बाटल्या माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. नळाला कधीतरी पाणी यायचं, ते पिण्यापुरतं. शिजवायला हातपंपाचंच.

एरवीही मला सुट्टी असली की मी तिच्याकडे जायचे, तेव्हा तिचा स्वयंपाक मी शाळेच्या खिडकीतून पुष्कळदा पाहिलाय. पत्र्याची शेड, मोठं पातेलं, आणि पदर खोचून उभी असलेली ती. तांदूळ, डाळ ती वजन करून घ्यायची, कारण ते वहीत लिहावं लागे. मिठाला मात्र तिचा हात होता. डब्यात हात घालायचा, मूठ अर्धी मिटायची, आणि पातेल्यावर फिरवायची. पावसाळ्यात ती मूठ भरलेली असे, दिवाळीनंतर थोडी कमी, उन्हाळ्यात जवळजवळ रिकामी. ती असं ठरवून करत होती असं मला वाटत नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, मी रोज तेवढंच घालते. त्या गावातल्या सगळ्या बायकांचे हात असेच वर्षाच्या पाण्याबरोबर उघडत-मिटत असणार. पण मीठ पाण्यातूनही येतं, हे तिथे कुणी बोलून दाखवत नसे. जे रोज असतं त्याला नाव कशाला हवं…

मग तो कायदा आला. शाळेत अन्न शिजवणाऱ्या बायकांना प्रशिक्षण द्यायचं, परीक्षा घ्यायची, आणि प्रमाणपत्र असल्याशिवाय कुणी पातेल्यापुढे उभं राहायचं नाही. मला त्या कायद्याबद्दल वाईट बोलायचं नाही. गॅस कसा हाताळायचा, भाजलं तर काय करायचं, तेल किती दिवसांनी फेकायचं, धान्यात कीड झाली तर कुणाला कळवायचं, हे शिकवणारं इतक्या वर्षांत या बायकांना कुणी भेटलं नव्हतं. मावशी तर खूश होती. इतकी वर्षं तिला ‘खिचडीवाली’ म्हणत होते. आता फोटो लावलेला कागद मिळणार, त्यावर तिचं पूर्ण नाव असणार. कागद कुठे लावायचा ती भिंतही तिने बघून ठेवली होती.

तिने मला विचारलं, काय काय लिवलंय गो त्यात. मला तो कायदा ठाऊक होता, कारण तोवर मी रोह्यात एका खासगी संस्थेत कामाला लागले होते आणि आमच्या भागातली प्रशिक्षणं त्याच संस्थेकडे आली होती. मी संगणकावर नावं, हजेरी, गुण भरायचे. नियमांची सोप्या मराठीतली सूचनाही मीच टाइप करून भिंतीवर लावली होती. तरी मावशीला मी एवढंच सांगितलं की काही नाही गं, आठ दिवस बसायचं आणि सर्टिफिकेट घेऊन यायचं. सविस्तर सांगायचा मला कंटाळा आला होता. तिला समजणार नाही, असंही कुठेतरी वाटलं असेल.

तिचं नाव खरं तर पेणच्या तुकडीत होतं. तिने ते बदलून रोह्याला करून घेतलं. मुख्याध्यापकांना म्हणाली, माझी भाची हाय तिथं, ती बघंल. हे मला नंतर कळलं.

मे महिन्यात ती आली आणि रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमी गावात, माझ्या खोलीवर राहिली. खोलीत चहाशिवाय काही शिजत नसे, जेवणाचा डबा येत असे. सकाळी आम्ही पूल ओलांडून रोह्यात यायचो. पुलावर ती कुंडलिका नदीकडे बघत रेंगाळायची आणि मी पुढे जायचे. पहिल्या दिवशी हॉलच्या दाराशी आल्यावर मी तिला म्हटलं, “मावशी, आत आपली ओळख दाखवू नकोस हं. इथे तसं चालत नाही.” तसा काही नियम नव्हता. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “नाय सांगत गो. मना काय कळत नाय?” आणि आत गेल्यावर हजेरीच्या वेळी, सगळ्यांसमोर, माझ्या टेबलाशी येऊन तिने विचारलं, “मॅडम, सही इथंच करू ना?”

मी बोट दाखवलं. ती माझ्याकडे बघून हसेल असं मला वाटलं होतं, पण तिने तेवढीही ओळख दाखवली नाही. आठ दिवस ती मला मॅडम म्हणत राहिली, आणि संध्याकाळी खोलीवर आल्यावर पहिल्यासारखी गो म्हणायची. पांढरी टोपी आणि एप्रन तिने खोलीवर आणून मला घालून दाखवला. “डॉक्टरीण दिसतंय का नाय? आता तुमच्या सरांना सांग, सुई टोचून घ्या.” आम्ही दोघी खूप हसलो. तेवढं ती कधी हसली नव्हती, म्हणजे माझ्यासमोर तरी.

शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. त्या दिवशी संकष्टी होती. मावशी पेणच्या माहेरची. संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय तिने तोंडात काही घातल्याचं आईलाही आठवत नाही. शाळेत अशा दिवशी गुरुजी चाखून बघायचे, म्हणून तिचं काही अडत नसे. इथे प्रत्येकीने आपापली खिचडी करायची होती. दिलेल्या कागदावर तांदूळ, डाळ, तेल सगळं ग्रॅममध्ये होतं. मिठापुढे फक्त ‘चवीनुसार’ असं होतं. मावशीने तांदूळ धुतले, फोडणी दिली, पाणी ओतलं. मग मिठाच्या बरणीत हात घातला. मी संगणकाच्या मागून बघत होते. मूठ जवळजवळ रिकामी होती.

त्या तुकडीत बाकीच्या सगळ्या बायका रोह्याच्या आतल्या गावांतल्या होत्या, गोड्या पाण्याच्या. खारेपाटातली ती एकटी. आणि हॉलमधल्या नळाला रोह्याचं पाणी होतं.

परीक्षक बाई बाहेरून आल्या होत्या. शांत होत्या, कुणाला टाकून बोलल्या नाहीत. त्यांनी मावशीच्या हातांची नखं बघितली, ओटा बघितला, गॅस बंद केलाय का ते बघितलं आणि सगळीकडे चांगले गुण दिले. मग एक चमचा खिचडी खाल्ली. परत एक चमचा घेतला. म्हणाल्या, “मावशी, मीठ घातलंत का?”

“घातलं की बाई. हातानं घातलंय.”

“अगदीच अळणी आहे हो. मुलं खाणार नाहीत असं.”

मावशीने शेजारच्या बाईकडे पाहिलं. तिनेही चाखून मान हलवली. चवीच्या रकान्यात स्वतंत्र पास व्हावं लागत असे, कारण मुलांनी टाकून दिलं तर बाकी सगळं करून उपयोग काय, असा त्यामागचा विचार होता. तोही बरोबरच आहे. बाईंनी कागद माझ्याकडे दिला.

परीक्षेतलं अन्न आम्हा कर्मचाऱ्यांचं जेवण असायचं, तेव्हा माझ्या टेबलावर सगळ्या पातेल्यांतलं थोडं थोडं आलेलं होतं. मी मावशीची खिचडी खाल्ली आणि मला कळलं. लगेच कळलं. मला अंदाज बांधावा लागला नाही की विचार करावा लागला नाही… ही तिची मे महिन्यातलीच खिचडी होती, नेहमीच्या हाताने केलेली, अगदी बरोबर. मीठ पाण्याने घालायचं होतं आणि या पाण्याने ते घातलं नव्हतं. त्या हॉलमध्ये हे समजू शकणारी जीभ एकच होती. त्या गावात राहून ते पाणी जिला खारट लागायचं, ती माझी.

आणि भिंतीवर माझ्याच हाताने लावलेल्या सूचनेत लिहिलं होतं की निकालावर हरकत असेल तर परीक्षा देणारीने किंवा उपस्थित असलेल्या कुणीही त्याच दिवशी ती नोंदवावी, म्हणजे प्रात्यक्षिक पुन्हा घेता येईल. मावशी त्याच भिंतीला टेकून उभी होती. तिची पाठ त्या कागदाला लागली होती. तिला वाचता येत होतं, पण अक्षर लावून वाचायला वेळ लागायचा, आणि त्या दिवशी ती काही वाचायच्या मनःस्थितीत नव्हती.

मी उठून म्हणायला हवं होतं की या बाई खारेपाटातल्या आहेत, यांना परत करू द्या. मग विचारलं गेलं असतं, तुम्हाला कसं माहीत? मग सांगावं लागलं असतं. आठ दिवस मॅडम म्हणवून घेतल्यावर सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं की ही माझी मावशी आहे. आमच्या संस्थेचे सर म्हणाले असते, आधी का नाही बोललात. मी हे सगळं संवादासकट मनात करून पाहिलं, आणि तोवर माझ्या बोटांनी तिच्या नावापुढे ‘अनुत्तीर्ण’ भरलं होतं.

परतताना पुलावर या वेळी ती पुढे होती आणि मी मागे. खोलीवर आल्यावर म्हणाली, “मीठ घातलं व्हतं गो मी. माझ्या ध्यानात हाय.” मी म्हटलं, होतं असं कधीतरी. “कधीतरी?” ती म्हणाली. “इतकी वर्सं झाली, नाय झालं कधी.” मग पिशवी भरायला लागली. एप्रनची घडी घालून तिने ती माझ्या खाटेवर ठेवली.

शाळा सुरू झाली तेव्हा कायद्याप्रमाणे शिजवायचं काम तिच्याकडून गेलं. पुढची परीक्षा होईपर्यंत मदतनीस म्हणून राहायची मुभा होती, ती तिने घेतली. तिच्याच हाताखाली शिकलेली रंजना आता पातेल्यापुढे उभी राहायची आणि मावशी भांडी घासायची. याबद्दल तिने कुणाजवळ तक्रार केली नाही. पण रंजना हाक मारायची, मावशे, जरा बघ गो मीठ, तर ही पाठमोरीच म्हणायची, “मना नको इचारू. माझी जीभ मेली.” तोवर पाऊस पडून गेला होता, पाणी गोडं झालं होतं, आणि घरी तिचा हात पुन्हा भरून उघडायला लागला होता. घरचे सांगायचे, चांगलं झालंय गं. तिला वाटायचं, आपली समजूत घालतायत.

गणपतीत आम्ही गेलो तेव्हा मी ठरवून गेले होते. त्या घरात नैवेद्य आजवर तिनेच रांधला होता. यंदा ती चुलीपासून लांब बसून सुनेला सांगत होती, एवढं घाल, आता ढवळ. आईने विचारलं, तू का नाही करत? मावशी म्हणाली, “नैवेद्य चाखता येत नाय, म्हायतेय ना? माझा हात चुकला तर देवाला अळणी जाईल.” आई हसली, तिला ती थट्टा वाटली. मी बघितलं, मावशी हसत नव्हती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तोंड उघडलंसुद्धा असेल… तेवढ्यात शेजारची माणसं आरतीला आली, आणि मला केवढं सुटल्यासारखं वाटलं, ते मी विसरू शकत नाही.

दिवाळीनंतर पुढच्या परीक्षेचं पत्र आलं. ते घेऊन मीच गेले. या वेळी परीक्षा पेणला होती. मावशी शाळेतून येऊन ओट्यावर बसली होती. पत्र तिने हातात घेतलं, आपलं नाव वाचलं, आणि परत दिलं. म्हणाली, “नाय जायचं गो आता. चवच गेली तर कागद घेऊन काय करू?” मी म्हटलं, मावशी, त्या दिवशी रोह्याला… त्या दिवशी मी तिथे होते ना…

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, “जाऊ दे. तू काय करणार व्हतीस त्यात? तू तर नुसती लिवणारी.”

तिला वाटलं, मला वाईट वाटतंय. माझी समजूत घालण्यासाठी तिने वाक्यच माझ्या हातातून काढून घेतलं. आणि मी ते घेऊ दिलं. पुढच्या वेळी सांगू असं म्हणून मी तिने केलेला चहा प्यायले. तो चहा चांगला झाला होता. तो चांगला झालाय, एवढंही मी बोलले नाही.

पुढची वेळ आली नाही. तीनच आठवड्यांनी सकाळी आईचा फोन आला. मावशी भांडी घासून शेडच्या पायरीवर टेकली होती, ती तिथेच कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. हृदय, डॉक्टर म्हणाले. जिभेचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मला कळतं. पण आपल्यातलं काहीतरी आपल्याला सोडून गेलंय असं समजून ती शेवटचे सहा-सात महिने जगली, आणि ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे फक्त मला ठाऊक होतं. हेही मला कळतं.

गेल्या आठवड्यात शाळेने तिच्यासाठी छोटी सभा ठेवली. मुलं व्हरांड्यात रांगेने बसली होती, गावातल्या बायका भिंतीकडेला. शेडमध्ये रंजनाने त्या दिवशी पातेलं उशिरा चढवलं होतं. उकळी फुटल्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मुख्याध्यापक चांगलं बोलले. इतक्या वर्षांत एकही मूल तिने उपाशी घरी पाठवलं नाही, म्हणाले. मग म्हणाले की वयापुढे कुणाचं चालत नाही, शेवटी शेवटी त्यांच्या हाताला पहिल्यासारखी चव राहिली नव्हती, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं… बायकांनी माना हलवल्या. आईने डोळ्यांना पदर लावला. त्यांनी विचारलं, घरच्यांपैकी कुणी दोन शब्द बोलणार का, आणि आईकडे पाहिलं. आई रडत होती.

मला लोकांसमोर बोलता येत नाही. शाळेत इंग्रजीत पाठ केलेलं भाषणसुद्धा मी अर्ध्यावर सोडून खाली उतरले होते. मी कधी उठले मला आठवत नाही. माझे पाय चपलेत नीट नव्हते, एवढं आठवतं.

“मी इंदूमावशीची भाची,” मी म्हणाले. “तिची चव गेली नव्हती. ती आपल्या गावच्या पाण्याला पुरेल एवढं मीठ घालत होती, आणि रोह्याच्या पाण्यात मीठ नव्हतं. तिची खिचडी मी खाल्ली होती. मला तेव्हाच कळलं होतं. मी तिथे बसले होते आणि मी बोलले नाही.”